तिखट घालायच्या आधी

आमची नात दीड वर्षाची आहे आणि तिचा शब्दसाठा फार लहान आहे. 'आई', 'भूभू', 'दे' आणि सगळ्यात जास्त वापरात असलेलं 'नाय'. पाण्याला 'मम' आणि भातालाही 'मम'. परवा दुपारी ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून पानगी खात होती. खात होती म्हणजे थोडी पोटात जात होती, थोडी केसांत आणि उरलेली फरशीवर. तांदळाचं पीठ, कुस्करलेलं केळं आणि जरासं दूध, एवढंच त्यात. केळीच्या दोन पानांमध्ये थापून तव्यावर टाकायची, पानाच्या कडा तपकिरी होऊन वळायला लागल्या की उलटायची. पान सोलून काढलं की पानगीच्या अंगावर शिरांच्या बारीक रेघा उमटलेल्या असतात. त्या रेघांवरून ती एक बोट फिरवत बसली होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. चुर्र. तिने मान वर केली, हातातला तुकडा टाकला आणि 'दे, दे' करत दुडुदुडु आत पळाली. मी मागोमाग गेले. आजोबांच्या हातात रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी होती.

गोळी काही तिला मिळाली नाही. मग भोकाड.

भोकाड थोड्या वेळात थांबलं, पण मला तो चुर्र आवाज रात्रीपर्यंत पुरला. कुकरची शिट्टी झाली तर ही पोरगी मान वळवत नाही. वाटीत चमचा वाजला तर ढिम्म. वेष्टन वाजलं की मात्र तिला दोन खोल्या पलीकडून कळतं. धड 'पाणी' म्हणता येत नाही अशा वयात हे ज्ञान आलं कुठून? उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही, ते ओट्यावरच्या फडताळात रचून ठेवलेलं होतं.

आपल्याकडे लहान मूल असलेल्या घरी रिकाम्या हाताने कुणी जात नाही. माझ्या लहानपणी पाहुणा आला की केळ्यांची फणी यायची, राजगिऱ्याच्या वड्या यायच्या, कुणी गावाकडून आलं तर ओल्या शेंगा. आता पुडे येतात. क्रीमची बिस्किटं, नाचणीचे म्हणवणारे कुरकुरे, बाळाचं हसरं चित्र छापलेल्या पिशव्या. आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटेच. संध्याकाळी फिरून येताना ते नातीसाठी ग्लुकोजच्या बिस्किटांचा छोटा पुडा घेऊन येत. तिला तो हातात द्यायचा, तिने तो वाजवायचा, मग त्यांनी फोडायचा, हा त्यांचा कार्यक्रम. त्या माणसाला 'नको' कसं म्हणायचं? सूनबाई म्हणत नसे. ती हसून पुडा घ्यायची, एक बिस्कीट हातावर ठेवायची आणि काका खाली गेले की बाकीचा फडताळात. मग कधीतरी रात्री ती चष्मा लावून पुड्यांच्या पाठी वाचत बसायची. ग्लुकोजच्या साध्या बिस्किटात वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा साखर असते, उरलेल्यात मैदा आणि पामतेल. जिथे 'साखर' हा शब्द नको असतो तिथे सिरप असतं, माल्टोडेक्स्ट्रिन असतं, एकूण सोयरेधायरे सगळे तेच. २०२४च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की दुधात घालायच्या त्या चॉकलेटी पावडरी 'हेल्थ ड्रिंक'च्या रकान्यात विकू नका. आमच्या पिढीने त्याच पावडरी मुलांची उंची वाढेल म्हणून महिन्याच्या यादीत लिहिल्या होत्या.

सूनबाईचा उपाय म्हणजे फ्रिजवर लावलेला कागद. सोमवार ते शनिवार, दुपारचं खाणं काय. ओट्सचे पॅनकेक, ब्लूबेरी मफिन, अवोकाडो टोस्ट. हे सगळं तिने मोबाइलवर बघून, लिहून, रविवारी करून ठेवायचं ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणते, कारण डोंबिवलीहून रोज फास्ट लोकलने जाऊन येणाऱ्या बाईचा रविवार किती उरतो हे तिलाच माहीत. एका रविवारी तिचे ते मफिन फुगले नाहीत. ती ओट्याला टेकून उभी, आणि शेजारच्या शेगडीवर आमच्यासाठी मुगाच्या डाळीची धिरडी होत होती. मी एक धिरडं जरा जाडसर घातलं, मिरचीचं वाटण कालवायच्या आधीच्या पिठाचं. निवल्यावर त्याच्या बोटाएवढ्या पट्ट्या कापल्या. नातीने दोन्ही हातांत एकेक धरून चावल्या. सून माझ्याकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही. अशा वेळी सासूने बोललेलं एक वाक्य पुढे दहा वर्षं घरात फिरत राहतं.

पण मनात म्हटलं, बाळाचा संसार वेगळा मांडायचाच कशाला?

माझं माहेर सावंतवाडीजवळचं. घरात माणसं भरपूर, चूल एक, आणि कोणतं ना कोणतं पोर नेहमी रांगणारं. आई कधी पोरासाठी म्हणून वेगळं काही रांधताना मला आठवत नाही. तिचा फक्त एक प्रश्न असायचा, फोडणीला टाकायच्या आधी, मसाला लावायच्या आधी, मीठ घालायच्याही आधी: "पोराचा काढलंस काय गो?" म्हणजे नैवेद्याचं पान जसं सगळ्यांच्या आधी वाढून बाजूला ठेवतात तसं पोराचं आधी निघायचं. पुढे मला कळलं, आपल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थाला अशी एक वेळ असते, जेव्हा तो बाळाचा असतो. वरण घोटून झालं आणि फोडणी पडली नाही, तेव्हा. दुधी वाफवून झाला आणि गोडा मसाला पडला नाही, तेव्हा. थालीपिठाची भाजणी कोमट पाण्यात भिजली, तिखट अजून डब्यात आहे, तेव्हा. ताकातली उकड शिजून चकाकायला लागली आणि लसूण-मिरचीची फोडणी वेगळ्या कढल्यात आहे, तेव्हा. आत्ता गणपतीत मोदकाची उकड मळताना मी लिंबाएवढा गोळा बाजूला काढला, त्याच्या छोट्या चपट्या निवग्र्या केल्या, मोदकांबरोबरच वाफवल्या आणि वर साजूक तूप. सारण नाही, मिरची-जिरं नाही. बाईसाहेबांनी एकेक उचलून आधी नीट न्याहाळली, मग खाल्ली. एवढ्याशा कामाला ना वेगळा दिवस लागतो, ना वेगळं सामान. लागतं ते एवढंच, की रांधणाऱ्याच्या हाताने क्षणभर थांबलं पाहिजे.

या थांबण्याचा कंटाळा येतो, हेही खरं. घाईत फोडणी पडून जाते आणि मग आपण बाळापुढे वरणाचं वरचं पाणी ठेवतो. आमच्या इमारतीत एक जण फार कौतुकाने सांगते, आमचा बाबू वाटीभर डाळीचं पाणी पितो. पितो बिचारा, आणि खालची घट्ट डाळ बाबा भाताबरोबर खातात. बाळाच्या पोटात जागा किती असते? वजनाच्या किलोला साधारण ३० मिलिलिटर. म्हणजे १० किलोच्या पोराला एका वेळी फार तर ३०० मिलिलिटर, आपल्या दोन लहान वाट्या. त्यातली एक पिवळ्या पाण्याने भरली तर खायचं कुठे? मधल्या वेळचं खाणं हे म्हणूनच लाड म्हणून द्यायचं खाणं राहत नाही, ते अर्धं जेवणच असतं. नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत दिवसात तीन-चार जेवणं आणि वर एक-दोन वेळा मधलं खाणं, हे जागतिक आरोग्य संघटनेचं जुनं सांगणं आहे. आमची आई त्या संघटनेचं नावही न ऐकता गेली, पण दुपारच्या वेळी चुलीच्या निखाऱ्यात रताळं पुरलेलं असायचंच. साल काढली की आतला गर केशरी, कडेला साखर करपल्यासारखा चिकट. मी आता कुकरमध्ये उकडते. तो वास येत नाही.

नाचणीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायचंय, कारण २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि तेव्हापासून नाचणीला एकदम अंगावर शाल-श्रीफळ मिळालं. कॅल्शियमच्या बाबतीत ती शाल तिला शोभते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण १२०. पण आपण बाळासाठी सत्त्व करतो, म्हणजे काय करतो? नाचणी भिजवतो, वाटतो, पंचातून गाळतो, पांढरट पाणी रात्रभर ठेवून खाली बसलेला साका वाळवतो. दिसायला फार सोज्वळ असतं ते. गिळायलाही सोपं. पण पंचात जो चोथा राहतो त्यात कोंडा असतो, आणि कॅल्शियमचा मोठा वाटा त्या कोंड्यात. सहा-सात महिन्यांच्या बाळाला सुरुवात म्हणून सत्त्व ठीक. दाढा फुटलेल्या पोराला सत्त्वच देत राहण्यात मला अर्थ दिसत नाही. त्याला अख्ख्या नाचणीचं, बारीक दळून चाळलेलं पीठच बरं. गोव्यात माझी मावशी तिजान करायची, नाचणीचं पीठ, नारळाचा रस आणि गूळ, ताटात ओतून थिजू द्यायची आणि सुरीने वड्या पाडायची. जांभळट तपकिरी, थरथरत्या वड्या. लहान पोरं त्या बोटांनी पकडायला जात, त्या निसटत, परत पकडत. गूळ वगळून मी हल्ली तशाच थिजवते.

आणि मोड. आई नाचणीला मोड आणायची तेव्हा मला वाटायचं ही नुसती जास्तीची मेहनत. भिजवा, ओल्या फडक्यात बांधा, दीड-दोन दिवसांनी पांढरे कोंब फुटले की सावलीत वाळवा, जात्यावर दळा. तिची एक करामत होती. साध्या पिठाची पेज ती इतकी घट्ट शिजवायची की पळी उभी राहावी. मग खाली उतरवून, वाफा जरा कमी झाल्या की त्यात मोडाच्या पिठाचा एक चमचा घालून ढवळत बसायची. बघता बघता ती पेज सैल व्हायची, चमच्यावरून ओघळायला लागायची, थेंबभर पाणी न घालता. मग परत एक कढ आणायचा. मोड आलेल्या धान्यात पिष्ट फोडणारं अमायलेज तयार होतं, त्याचा हा सगळा खेळ. म्हणजे पीठ भरपूर, पाणी कमी, तरीही बाळाला गिळता येईल इतकं पातळ. दोन वाट्यांच्या पोटाला याहून चांगलं काय पाहिजे? फक्त ते मोडाचं पीठ खरपूस भाजायचं नाही, भाजलं की करामत संपली. हे मी सुनेला करून दाखवलं तेव्हा तिने ढवळता ढवळता मोबाइलवर चित्रफीत काढली आणि ऑफिसातल्या मैत्रिणींना पाठवली. फ्रिजवरच्या कागदावर बुधवारपुढे आता 'आईंची पेज' असं लिहिलंय. मी ते वाचलंच नाही असं दाखवते.

लग्न होऊन मी सोलापूरला गेले आणि तांदळाच्या मुलखातून ज्वारीच्या मुलखात पडले. तिथे बाळाला पहिली चव भाकरीची. ताज्या भाकरीचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग दुधात कुस्करायचा, बोटांनी, पार गाठी मोडेपर्यंत. माझ्या सासूबाईंच्या बोटांना ते काम इतकं सवयीचं होतं की त्या बोलता बोलता करायच्या, बघायच्याही नाहीत. आणि दशमी. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. प्रवासात, पाळणाघरात, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही डब्यातून काढावी, तुकडा हातात द्यावा. लाल भोपळा किसून, वाफवून त्याच पिठात मळला तर न तळलेला घारगाच म्हणा ना. मला विचाराल तर पाळणाघराच्या डब्यासाठी दशमीच्या जवळ जाणारं दुसरं काही नाही. ती सांडत नाही, चिकटत नाही, आणि सांभाळणाऱ्या मावशींना भरवत बसावं लागत नाही.

आमच्या ह्यांचं लहानपण १९७२च्या दुष्काळातलं. तेव्हा वाटली जाणारी सुकडी त्यांना अजून आठवते, आणि नातीला मी कणीक तुपावर भाजायला घेतली की ते वासाने स्वयंपाकघरात येतात. "सुकडी करतेस?" मी म्हणते, हो, गुळाशिवायची. त्यावर ते नुसते बघतात. पोट भरायला मिळावं म्हणून ओळीत उभा राहिलेला पोरगा आज नातीच्या वाटीतला गूळ काढून घेतला जाताना बघतोय, त्याला काय वाटत असेल? मी विचारत नाही.

शेंगदाण्याचा वाद मात्र आमच्याकडे जोरात झाला. सोलापूरच्या घरात कूट नाही म्हणजे स्वयंपाकच नाही, आणि सुनेच्या मोबाइलवर शेंगदाणा म्हणजे ॲलर्जी. शेवटी बालरोगतज्ज्ञांनीच सोडवला. २०१५ साली इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष आला होता. ज्या बाळांना धोका जास्त, त्यांना ११ महिन्यांच्या आतच नियमित शेंगदाणा सुरू केला, आणि पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. ज्या बाळाला जास्त इसब आहे किंवा अंड्याची ॲलर्जी आहे, त्याला डॉक्टरांना विचारूनच द्यावं. बाकीच्यांना बारीक कूट भातात, पेजेत कालवून चालतं. चालत नाही तो अख्खा दाणा. दाणे, फुटाणे, अख्खं द्राक्ष, मक्याच्या लाह्या, हे चार-पाच वर्षांपर्यंत दूरच. द्राक्ष द्यायचं तर उभं चिरून. आणि खाताना पोर बसलेलं हवं. पळत पळत, झोपून, गाडीत मागच्या सीटवर एकटं, असं नाही. आमच्या वेळी अंगणभर पोराच्या मागे वाटी घेऊन 'हा घास चिऊचा' करत फिरायचे. ऐकायला गोड आहे. घास घशात अडकतो तो याच वेळी.

आता चहा. माझ्या पिढीतल्या कुणालाही विचारा, आमचा मधल्या वेळचा खाऊ म्हणजे बशीतल्या चहात बुडवलेली पोळी नाहीतर बिस्कीट. खारी असली तर दिवाळीच. "आम्ही वाढलोच ना?" हे वाक्य आमच्या इमारतीच्या बाकावर रोज संध्याकाळी ऐकायला मिळतं. वाढलो, खरंय. पण जे वाढले नाहीत, सारखे आजारी पडायचे, फिकट दिसायचे, अभ्यासात 'मठ्ठ' म्हणून मार खायचे, ते बाकावर बसायला आलेले नाहीत. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के रक्तक्षयाची निघाली. आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो, पुढचं लोह वाटीतून यायला हवं, आणि चहातला टॅनिन वाटीतलं लोह शोषू देत नाही. दूधही जपून. वर्ष उलटलेलं पोर दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पीत असेल तर त्याची भूक दुधानेच भागते, आणि दुधात लोह जवळजवळ नाहीच. त्यापेक्षा बाजरीची मऊ खिचडी, मुगाचं धिरडं, चालत असेल त्या घरी उकडलेलं अंडं. माझ्या माहेरी बाळाला मुडदुशे मासे द्यायचे, काटे काढून, भातात कालवून. आणि ताटात लिंबाची फोड हवी. दोन थेंब लिंबू पिळलं की धान्यातलं लोह अंगाला लागतं.

सगळंच जुनं चांगलं असं म्हणायला मी बसलेली नाही. माझ्या मुलाला बारशाआधी मध चाटवला होता, सोन्याच्या अंगठीने. आज डॉक्टर सांगतात वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यात क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि लहान बाळाच्या आतड्यात ते विष तयार करतात. सूनबाईने या एका गोष्टीवर बारशाच्या दिवशी सगळ्या म्हाताऱ्यांना तोंडावर 'नाही' म्हटलं. तेव्हा मला राग आला होता, आणि त्याच वेळी तिचा अभिमानही वाटला होता. दोन्ही अजून आहेत. वर्षभर मीठ नाही, हेही मी पाळलं, जरी अळणी वरण चाखताना माझंच तोंड वाकडं व्हायचं. गुळावर मात्र आमचं जमलेलं नाही. ती म्हणते दोन वर्षं वरून कुठलीच साखर नाही, आणि गूळ साखरच. मी म्हणते, गुळाला निदान रंग आहे. हा काही युक्तिवाद नाही, मला कळतं.

आणि इतकं सगळं करून पोर खात नाही तेव्हा? दुपारभर खपून केलेली लाह्याच्या पिठाची वाटी ती हाताने सारते, म्हणते 'नाय', आणि आजोबांच्या ताटातला भाकरीचा करपलेला तुकडा चघळत बसते. पूर्वी मी मागे लागले असते. आता वाटी उचलते. काय आणि कधी वाढायचं ते मी ठरवते, किती खायचं ते ती. हे सुनेने शिकवलं, आणि यात माझी फार दमणूक वाचली. ज्या गोष्टीला आज 'नाय' असतं ती पुढच्या आठवड्यात परत ताटात ठेवायची, काही न बोलता. दह्यातली किसलेली काकडी अशीच कितीदा परत गेली, आणि एका दुपारी तिने सगळी संपवून वाटी डोक्यावर घातली.

काकांशी मी शेवटी बोलले. आडून आडून नाही, सरळ. म्हटलं, "भाऊ, पुडा नका आणू. येताना एक वेलची केळं आणा, आणि तिच्यासमोर सोला." त्यांचा चेहरा पडला. "बिस्किटात एवढं काय विष आहे हो वहिनी?" म्हणाले. दोन संध्याकाळ आलेच नाहीत. मला फार वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी आले, खिशात केळं. आता कार्यक्रम असा: ते केळं कानाला लावून 'हॅलो' म्हणतात, तिला देतात, ती 'हॅलो' सारखं काहीतरी म्हणते, मग ते साल थोडीशी सोडवतात आणि पुढची तिला ओढायला लावतात. वेलची केळं तिच्या मुठीत बरोबर बसतं. वेष्टनाचा आवाज झाला की ती अजूनही पळते, ते काही गेलेलं नाही. बाकीचे पाहुणे पुडे आणतातच, आणि प्रत्येकाला मी केळं सांगू शकत नाही.

सध्या घरात विषय संक्रांतीचा आहे, अजून तीन-चार महिने असले तरी. तिचं दुसरं बोरन्हाण. मागच्या वेळी ती दहा महिन्यांची होती, काळ्या झबल्यात, आणि डोक्यावरून पडलं काय काय: चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, तिळाच्या रेवड्या, वर कुणीतरी आणलेल्या रंगीत चॉकलेटच्या गोळ्या. मोठी पोरं तुटून पडली, एकच कल्ला, आणि सूनबाई मात्र फोटो सोडून लेकीच्या मुठी उघडून बघत होती. यंदा तिने यादी केली आहे. चुरमुरे राहतील. करवे आणि बोरं राहतील, पण मोठ्या मुलांसाठी, हिची पाटी पाटाच्या दुसऱ्या बाजूला. चॉकलेटं बंद, हे निमंत्रणातच लिहायचं. मी म्हटलं, निमंत्रणात असं कुणी लिहितं का? ती म्हणाली, मग तुम्ही फोनवर सांगा. ते काम माझ्याकडे आलं. हलव्याच्या दागिन्यांवरून भांडण होणार म्हणून मी तयारीत होते, कारण ते दागिने म्हणजे नुसती साखर, आणि पोर ते चाटणार म्हणजे चाटणारच. तर सूनबाई म्हणते, "अहो आई, एक दिवस चाटू दे की. माझ्या बोरन्हाणात मी अख्खा मुकुट खाल्ला होता म्हणे." आता धास्ती मलाच लागली आहे, दाणा सुटून घशात गेला तर? विकतचे आणू नका म्हणून सांगितलंय. एकेक दाणा मी दुहेरी दोऱ्याने बांधणार आहे.